बोरीच्या फरशीखालची पांढरी तीन

“मिस्त्री, मशीनीत बाई बसलीय. तेवढी काढून द्या,” माई म्हणाल्या.

मी हत्यारांची पेटी खाली ठेवली. परभणीत हार्मोनियम आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान चालवून मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. ग्रामोफोनातून मी मुंग्या काढल्या होत्या, झुरळं काढली होती, जिंतूरच्या एका वकिलाच्या मशीनीतून पालीची अंडी काढली होती. बाई काढायला सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच.

ही गोष्ट निजामाच्या राजवटीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या मोटारीतून बोरीला पोचायला भर दुपार झाली. चैत्रातलं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. माईंचा मुलगा दिगंबर मला न्यायला परभणीपर्यंत आला होता आणि वाटेत त्याने सगळं सांगितलं होतं.

त्याची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. घरात तिला थोरली म्हणत. तिने प्राण सोडला तो मधल्या खोलीत. मग वर्षाच्या आत सुलोचना घरात आली. ही हैदराबादच्या एका कारकुनाची मुलगी. मुलींच्या शाळेत शिकलेली, तिथे विलायती संगीताचाही तास असे. येताना ती ग्रामोफोन आणि आठ-दहा रेकॉर्डी घेऊन आली. मशीन मधल्या खोलीतच ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी एका रेकॉर्डला खोलीतून साथ यायला लागली. बाईने तोंड मिटून हुंकारावं तशी.

“आणि उद्या काय आहे?” मी विचारलं होतं. कारण तो सारखा ‘उद्याच्या आत’ म्हणत होता.

“उद्या सकाळच्या मोटारीनं तिला हैदराबादला सोडून यायचंय. माई म्हणायल्यात, परत आणायचं न्हाई. थोरलीला ही खपत न्हाई म्हणून ती बोलायलीय.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मशीनीत बिघाड निघाला तर बरं होईल मिस्त्री. न्हाई तर माझं काई चालत न्हाई.”

चांगला सत्तावीस वर्षांचा गडी. मला त्याचा रागच आला. पण घरात शिरताना ओसरीवर दोरीने बांधलेली ट्रंक दिसली, आणि तिच्यावर पानाचा डबा ठेवून बसलेले त्याचे वडील तात्या दिसले, तेव्हा त्याचं खरंच काही चालत नसणार हे कळलं.

मशीन मी उघडलं. स्प्रिंग ठीक. गव्हर्नर ठीक. गव्हर्नर म्हणजे टर्नटेबल एका वेगाने फिरत ठेवणारी तीन छोट्या वजनांची फिरकी. ती बिघडली की गाणं चढतं-उतरतं. साउंडबॉक्सचा पडदा, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणारी चकती, तीही अखंड. मी तेल घातलं आणि सांगून टाकलं, “मशीनीत काही नाही.”

“मग वाजवून बघा की,” माई दारातूनच म्हणाल्या. खोलीत त्या आल्या नाहीत.

मी नवी सुई लावली. रेकॉर्डवरचा कागद झिजलेला होता, कोणाचं काय ते वाचता येत नव्हतं. पुष्कळशी व्हायोलिनं एकदम सुरू झाली. मग एकच राहिलं. पुन्हा सगळी. दोनेक मिनिटं मी नुसता मशीनीकडे बघत बसलो. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास ती आली.

खरं सांगतो, ती आधी कानाला आली नाही, तळपायांना आली. मग भिंतीकडून आल्यासारखी वाटली, मग माझ्या मागून. जाड, मऊ, मिटल्या तोंडाची. व्हायोलिन वर नाचत होतं आणि खाली कोणीतरी एकच सूर धरून बसलं होतं. बाहेर पांढरंफेक ऊन होतं आणि माझ्या पाठीवर काटा उभा राहिला. मी पेटीवाला माणूस. सुराला मी कधी भ्यालो नव्हतो. त्या दिवशी भ्यालो.

भीती वाटली की मी चिडतो. हा माझा जुना स्वभाव आहे. मी मशीन उचललं आणि ओसरीवर नेऊन तीच रेकॉर्ड लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजली. हुंकार नाही, काही नाही.

“बघा,” माई म्हणाल्या, “त्या खोलीतच येती. तिची खोली हाय ती.”

“एवढ्याच रेकॉर्डला कामून येते?” मी विचारलं.

“ते तुमच्या त्या वैनीला इचारा.”

सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. वीस-बावीस वर्षांच्या असतील. डोळे रडून सुजलेले, पण आवाज कोरडा. “मी त्याची फोड केली आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या मिस करून घ्यायच्या. फळ्यावर रंगीत खडूने. इथे कागद मिळत नाही, म्हणून मी रांगोळीने करते. बघता का?”

मी बघतो म्हटलं. आम्ही पुन्हा मधल्या खोलीत गेलो. शहाबादी फरशी होती, अजून कोरी दिसणारी. त्यांनी रांगोळीचा डबा घेतला, रेकॉर्ड लावायला सांगितली आणि वाजत असताना फरशीवर ओढत गेल्या.

सगळे मिळून वाजवतात तिथे पांढरा जाड पट्टा. एकटं व्हायोलिन असेल तिथे हळदीची बारीक रेघ. त्याखाली जाड आवाजाची वाद्यं सतत चालत असतात, त्याला ठिपके. एका कोपऱ्यात तारा छेडल्यासारखं एक वाद्य खुळखुळत असतं, त्याला त्यांनी काही दिलं नाही. म्हणाल्या, ते भाजीतल्या मोहरीसारखं सगळीकडेच आहे.

“याला कॉन्चेर्टो म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वीची रीत. ही सगळ्यांची ओळ पुन्हा पुन्हा परत येते. मधल्या जागा एकट्याच्या.”

मला नोटेशन येत नव्हतं, पण हे लगेच कळलं. भजनात टाळकरी टेक धरतात, बुवा एकटा अंतरा म्हणतो, पुन्हा सगळे टेकेवर येतात. तीच बांधणी. फरक एवढा, की आमची टेक दर वेळी त्याच सुरावर येते, यांची टेक घर बदलून येते. पहिली टेक पांढरी सहावर होती. पांढरी सहा म्हणजे पेटीवरची सहावी पांढरी पट्टी. दुसऱ्यांदा ती पांढरी एकवर गेली आणि उजळली. शेवटी परत पांढरी सहावर. मधे एकट्या व्हायोलिनचा एकच तुकडा पायरी पायरीने खाली उतरे, आवाज वाढायचा-कमी व्हायचा तोही हळूहळू नाही, एकदम. सगळे किंवा एकटा. मला ते आवडलं. त्या घरातल्या माणसांपेक्षा त्यात शिस्त जास्त होती.

पट्टे, रेघा, ठिपके अर्ध्या खोलीभर झाले. मग सुलोचनाबाईंनी चुलीतला कोळसा घेऊन दोन काळे ठिपके दिले. “ती इथे येते,” त्या म्हणाल्या. “आणि इथे.”

पहिला ठिपका तिसऱ्या हळदीच्या रेघेखाली होता. तिथे खालची वाद्यं चालायची थांबतात आणि एकच सूर लांबवर धरून ठेवतात. शेवटच्या टेकेला वाट करून देण्याची ती युक्ती. दुसरा ठिपका त्यानंतर लगेच, टेकेच्या तोंडाशी, जिथे रांगोळीत मोकळी जागा होती.

“इथे काय वाजतं?”

“काहीच नाही. एक क्षण सगळे थांबतात.”

पहिल्याचाच पडसाद मागे रेंगाळत असेल, असं मी ठरवलं आणि दुसरा ठिपका सोडून दिला. एकाच दुखण्याची दोन लक्षणं मानली की काम सोपं होतं.

आता मी गव्हर्नरची पट्टी सरकवून मशीन किंचित हळू केलं. रेकॉर्ड हळू फिरली की सगळे सूर खाली उतरतात. तिसरी रेघ आली, खालचा लांब सूर आला, पण हुंकार आला नाही. मग किंचित जलद केलं. तरीही नाही. बरोबर वेगावर आणलं, तर लगेच आली.

“भूत असतं तर त्याला वेगाशी काय करायचंय?” मी दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो. “हिला एक ठराविक सूर लागतो. तोच मिळाला तर बोलते.”

घरात गुरुवारच्या भजनाची पेटी होती. ती मी फरशीवर ठेवली, भाता मारला आणि खालच्या सप्तकापासून एकेक पट्टी दाबत गेलो. पांढरी एक. खोली गप्प. काळी एक. गप्प. पांढरी दोन, काळी दोन. गप्प. दारात माई, त्यांच्या मागे दिगंबर, दोघं श्वास धरून उभे. मी पांढरी तीन दाबली.

घर बोललं.

पेटीपेक्षा मोठ्याने बोललं. मी बोट उचललं तरी ते क्षणभर थांबलं नाही. माई “आई गं” म्हणून खाली बसल्या. मी पुन्हा दाबली. रेकॉर्डमध्येही हाच सूर लांबवलेला होता. इतर ठिकाणी तो येतो आणि निघून जातो. झोपलेल्याला एका हाकेत जाग येत नाही, तसं होतं ते. लांब धरला तरच खोली जागी व्हायची.

“मिस्त्री,” सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, “रांगोळी बघा.”

पेटीला लागून जी फरशी होती तिच्यावरची रांगोळी थरथरत होती. पांढरा पट्टा कडेने निसटत होता आणि दोन फरशांमधल्या फटीत बारीक धारेने गळत होता. खाली. जमिनीत. खाली गळायला खाली जागा हवी.

मी पोखर्णीचा. आमच्या घराखालीही जागा होती. पेव म्हणतात तिला. रांजणाच्या पोटासारखा खोल खड्डा खणायचा, आतून लिंपायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून शेणमातीने बंद करायचं. पण लढाईच्या त्या दिवसांत सरकारी लेव्ही होती. पिकातला ठरलेला भाग सरकारला घालावा लागे, आणि दडवलेलं सापडलं तर जप्ती. म्हणून ज्याच्या घरी भरलेलं पेव होतं तो ते बोलून दाखवत नसे.

मी ओसरीवर गेलो. तात्या ट्रंकेवरच होते.

“तात्या, मधल्या खोलीखाली काय आहे?”

“जमीन हाय. आनि काय असतंय?”

“फरशी कधी घातली?”

“दिगूच्या दुसऱ्या लग्नाला. तुमी मशीनीचं बघा मिस्त्री. फरशीचं कामून इचारायलाव?”

दिगंबर माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यालाही ठाऊक आहे. माईंनाही ठाऊक होतं. वर्षभर घरात राहून ठाऊक नव्हतं ते फक्त सुलोचनाबाईंना. परक्या ठिकाणची पोर, कुठे बोलली तर, म्हणून तिला सांगितलंच नव्हतं. आणि आता फरशी उचलून ते गुपित उघडं करण्यापेक्षा तिला उद्या मोटारीत बसवणं त्यांना सोपं वाटत होतं. माईंच्या मनात तरी खरी भीती होती. तात्यांच्या मनात नुसती ज्वारी होती.

माझं डोकं फिरलं होतं. पण रागावून दगड हलत नाही. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

“जमीनच असेल तर प्रश्न मिटला. भरीव जमीन बोलत नाही, तेव्हा ती बाईच असणार. पण समजा, नुसतं समजा, की खाली पेव आहे. भरलेलं पेवही बोलत नाही तात्या. भरल्या पोत्यावर थाप मारा, आवाज येतो का? रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकारा, मग बघा. हे बोलायलंय. म्हणजे वरून रिकामं झालंय.”

तात्यांचं पान चघळणं थांबलं. “किती?”

“सूर सांगतो, दीड-दोन हात.”

“दोन हात?” ते उठले. पानाचा डबा खाली पडला. “दिगू! पहार आण. आधी बाहेरचं दार लाव.”

सून चालली होती तेव्हा हा माणूस ट्रंकेवर बसून पान खात होता. ज्वारी चालली म्हटल्यावर त्याने स्वतः पहार मारली.

तीन फरशा निघाल्या. खाली दगडी झाकण, भोवती सुकलेल्या शेणमातीचं लिंपण, आणि त्या लिंपणावर बोटांचे ठसे. ओल्या मातीत दाबत दाबत गोल फिरलेला एक लहान हात. माई पुढे आल्या, वाकल्या आणि तिथेच थिजल्या. प्रत्येक ठशात करंगळीची जागा कोरी होती.

“थोरलीनं लिपलं होतं,” त्या म्हणाल्या. “कडबा तोडताना करंगळी गेली होती तिची. जायच्या आधी पंधरा दिवस लिपलं हे.”

सुलोचनाबाई खाली बसल्या आणि त्यांनी आपला पंजा त्या ठशावर ठेवला. जवळजवळ जुळला.

झाकण सरकवलं तसा आंबूस, ओला वास वर आला. पेवात माणूस एकदम उतरत नाही. आतली हवा मारते. म्हणून आधी कंदील सोडतात. दिगंबरने पेटता कंदील दोरीने सोडला. हातभर खाली जाताच ज्योत चिमटीत धरल्यासारखी विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदाही. भर दुपारी, चार माणसांदेखत, त्या काळ्या तोंडात दिवा टिकत नव्हता. मलाही तिथून निघून जावंसं वाटलं.

मी रात्री तिथेच राहिलो. सकाळची मोटार तशीच गेली, आणि हवा निवळल्यावर गडी उतरले. नव्या सुनेसाठी शेजारी नवी न्हाणी बांधली होती. तिचं पाणी वर्षभर पेवाच्या कुशीत झिरपत होतं. ज्वारी भिजली, आंबली, कुजून काळी पडली आणि बसत बसत दोन हात खाली गेली. वरच्या पोकळीचा सूर उतरत उतरत दोन महिन्यांपूर्वी पांढरी तीनला आला. म्हणून बाई दोन महिन्यांपूर्वी आली. तळाकडची अर्धी ज्वारी वाचली.

हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. तात्यांनी ज्वारीचं ऐकलं, सुराचं ऐकलं नाही. माईंनी काहीच ऐकलं नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि निकाल दिला. “थोरलीनं सांगितलं. घरचं दाणं नासायलंय म्हणून लेकरू हाका मारायलं होतं. आन् तिचं बोलनं हिच्या मशीनीतून आलं. हिला धाडून कसं चालंल?”

माईंनी ट्रंकेची दोरी स्वतः सोडली.

मी हत्यारं भरत होतो तेव्हा सुलोचनाबाई पाणी घेऊन आल्या. “मिस्त्री, ज्वारी नासली नसती तर?”

मी पाणी प्यालो.

महिन्याभराने दिगंबर पुन्हा दुकानात आला. पेव रिकामं करून मुरूम ठोकून भरलं होतं, वर फरशी बसवली होती. माईंना एकदा माझ्या तोंडून ऐकायचं होतं की आता खोलीत कोणी नाही. मी गेलो. तीच खोली, तीच रेकॉर्ड, वेग घड्याळ लावून तपासलेला. आधी पेटीवर पांढरी तीन दाबली. खोली ठार गप्प. मग रेकॉर्ड लावली. तिसरी हळदीची रेघ आली, खालचा सूर लांबला, आणि व्हायोलिन एकटंच वर नाचत राहिलं. तळपायाला काही नाही.

“गेली बाई,” माईंनी हात जोडले. “सुटली.” त्या ताटं घ्यायला गेल्या, दिगंबर त्यांच्या मागे गेला. खोलीत मी आणि सुलोचनाबाई राहिलो. रेकॉर्ड फिरत होती. माझं लक्ष हत्यारांत होतं.

मग ती जागा आली, जिथे सगळे थांबतात.

आणि ती आली. मऊ, मिटल्या तोंडाची. पांढरी तीन नव्हती. पेटीवर मी ती नंतर मनातल्या मनात खूप शोधली, ती कुठल्याच पट्टीवर बसत नाही. खाली ठोकलेला मुरूम होता. ओसरीवर ही जागा मी स्वतः ऐकली होती, कोरी होती. त्यांनी कोळशाने दिलेला दुसरा ठिपका मला आठवला, जो मी सोडून दिला होता.

मी सुलोचनाबाईंकडे बघितलं. त्या घाबरलेल्या नव्हत्या. गव्हाच्या सुपाशी बसल्या होत्या, हात थांबले होते, एवढंच.

“तेवढं असू द्या मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “सगळे थांबले की तिची पाळी येते.”

मी सुई उचलली. शेवटची टेक वाजायची राहिली. जेवताना माईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, खोली स्वच्छ आहे. पुढे धंदा मी आणखी तीस वर्षं केला आणि एक नियम शेवटपर्यंत पाळला. गिऱ्हाइकाचं समाधान झालं की सुई उचलावी. रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवून बघू नये.